सुमिदा की नागाओका? ग्रुपने जपानी आतषबाजी बघायची असेल तर

सरळ सांगतो, चार-पाच जणांना ऑगस्टच्या सुरुवातीला सुट्टी जमत असेल तर नागाओका, नाहीतर मुकाट्याने सुमिदा.

सुमिदा टोक्योतच, सुमिदा नदीकाठी, जुलैच्या शेवटच्या शनिवारी. टोक्योतल्या निशी-कासाईला राहणारी आपली भारतीय मंडळी तर निहोन्बाशीला मेट्रो बदलून आरामात जवळच्या असाकुसाला पोचतात, युकाता (उन्हाळी सुती किमोनो) भाड्याने तिथेच मिळतो, फोटोबिटो मस्त. परंपरा 1733 पासूनची सांगतात, आत्ताच्या नावाने 1978 पासून. दीड तासात जवळपास 20,000 फटाके, ऐकायला भारी वाटतं ना, पण दोन ठिकाणांहून उडतात आणि मधे बिल्डिंगा, त्यामुळे तिकिटाची सीट नसेल तर अर्धं आकाश कुणाच्या तरी गच्चीमागे जातं आणि रस्त्यावर थांबलात की पोलिस "पुढे चला पुढे चला" करत राहतात. गर्दी काही लाखांत, लालबागच्या रांगेची सवय असेल तर ठीक. ग्रुपमधला एक जरी हरवला की संपलं, फोनला रेंजही धड मिळत नाही.

नागाओका निइगाता प्रांतात, शिनानो नदीकाठी, शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) टोक्योहून पावणेदोन तासांच्या आसपास. दरवर्षी 2 आणि 3 ऑगस्टलाच, वार कुठलाही असो, तिथेच सुट्टीची बोंब होते. दोन दिवस मिळून साधारण 20,000, म्हणजे एका रात्रीला सुमिदाच्या निम्मे, तरी मला हेच जास्त आवडतं, कारण समोर नुसती नदी आणि मोकळं आकाश. सान्शाकुदामा नावाचा 90 सेंटीमीटरचा गोळा वर जाऊन साधारण 600 मीटर पसरतो, आवाज छातीत बसतो. 1 ऑगस्ट 1945 ला या गावावर बॉम्ब पडले होते, म्हणून सुरुवातीला त्यात गेलेल्यांच्या आठवणीत पांढऱ्या फुलांसारखे फटाके सोडतात, आणि 2004 च्या भूकंपानंतर सुरू झालेला फिनिक्स नावाचा फटाक्यांचा भाग तर नदीच्या लांबीने एकदम पेटतो, तेव्हा ग्रुपमधले बडबडेही गप्प होतात.

खर्च मात्र नागाओकाला जास्त. नदीकाठच्या सीट तिकिटाच्या, लवकर घ्याव्या लागतात, हॉटेलं तर विचारूच नका, रात्रीच परतणार असाल तर शिनकानसेनचं रिझर्व्हेशन आधी आणि मग बाकीचं.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच, याकिसोबात (परतलेल्या नूडल्समध्ये) पोर्क, ताकोयाकीत (पिठाच्या गोळ्यांत) ऑक्टोपस. शाकाहारी असाल तर एदामामे (उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), बटाटा-बटर, काकिगोरीवर (बर्फाच्या गोळ्यासारखं) भागवा किंवा घरून पोळीचे रोल न्या, चटई आणि छोटा पंखा पण.