बारा बोअर डबल बार बंदूक, कोकणातले नऊ महिने: वापरानंतरचा अनुभव

वापराचा काळ जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि पुढची थंडी. शेतीसंरक्षण परवान्यावरची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), बाजूबाजूच्या नळ्यांची बॉक्सलॉक बंदूक, म्हणजे घोडे बाहेर न दिसता आतल्या पेटीत असलेली. इजेक्टर (उडालेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा) नाही, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) ७० मिमी, उजवी नळी हाफ चोक, डावी फुल (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण). खडकीच्या कारखान्याची सत्तरेक काडतुसं उडाली.

बंदूक म्हणून समाधान आहे. बॉक्सलॉकची ही अॅन्सन-डीली रचना १८७५ची, आणि प्रत्येक नळीमागे घोडा, सिअर (घोडा अडवून धरणारा खटका), कॉकिंग लिव्हर (घोडा चढवणारी दांडी), मुख्य स्प्रिंग एवढाच पसारा. इजेक्टर नसणं कोकणात फायद्याचंच, कारण गंजायला तेवढ्या स्प्रिंगा कमी. या हवेत बंदूक उडवून खराब होत नाही. ठेवण्यात आणि चुकीच्या तेलात खराब होते.

गंज आधी कुठे दिसतो ते सांगतो: दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या डाखाच्या रेषेवर, पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या नळीवर, फायरिंग पिनच्या भोकांभोवती आणि चापाच्या गार्डवर, जिथे हाताचा घाम लागतो. जुलैत या चार जागा दर चार दिवसांनी बघितल्या, तरी लाकडाखाली एकदा तांबूस झाक आलीच. दर वेळी लाकूड काढूनच पुसायला हवं होतं.

साफसफाई उडवल्याच दिवशी. चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग नळ्या उतरवा. गज नेहमी मागच्या तोंडाकडून पुढे. आधी कोरडं फडकं, मग सॉल्व्हंट लावलेला बारा बोअरचा कांस्याचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार. नळीच्या मध्येच ब्रश उलटा ओढू नका, तारा वाकतात. दहा मिनिटं थांबा आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. शिसं साचतं ते चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात आणि चोकपाशी. प्लास्टिकच्या वॉडचा (काडतुसात दारू आणि छर्‍यांमधलं बूच) राखाडी पापुद्राही तिथेच. उजेडाकडे धरून बघताना नळीत सावलीचं कडं दिसलं, तर ते शिसं नसून फुगवटा किंवा पोचा असू शकतो. अशी नळी तपासून घेतल्याशिवाय उडवायची नाही.

पावसात भिजली असेल तर तेलाची घाई करू नका. पाण्यावर तेल बसलं की पाणी खाली कोंडतं. नळ्या तोंड खाली करून पंख्याखाली तासभर, मगच तेल. प्रमाण: प्रत्येक नळीला मॉपवर (गजाच्या टोकाचा लोकरी बोंडा) तीन-चार थेंब. बिजागरीच्या आसाला आणि नळ्यांखालच्या खाचांना ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस. जास्त तेल मागे ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि तिथेच चिरतं. म्हणून उभी ठेवायची तर नळीचं तोंड खाली. उडवण्याआधी नळी आणि चेंबर कोरडी पुसायचीच. तेलकट चेंबरमध्ये काडतूस भिंतीला धरत नाही आणि मागच्या तोंडावर जास्त दाब येतो.

खोबरेल लावू नका. घरात असतं म्हणून लावलं जातं, पण २४ अंशांच्या आसपास ते थिजतं आणि खवट होऊन चिकट थर सोडतं. डिसेंबरच्या पहाटे घोडा सुस्त पडण्याचं हे साधं कारण. रॉकेल धुवायला चालतं, पण धातू उघडा टाकून जातं. लगेच तेल लावलं नाही तर दोन दिवसांत गंज. शिलाई मशीनचं पातळ तेल या दोन्हींपेक्षा कितीतरी बरं.

सत्तरात दोन काडतुसं उडाली नाहीत. अशा वेळी तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मगच उघडायचं. मग काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर पिनने उमटवलेला ठसा बघा. ठसा खोल असेल तर काडतूस दमट. एकाच नळीचा ठसा कायम उथळ येत असेल तर दोष बंदुकीत: थिजलेलं तेल, दमलेली स्प्रिंग किंवा टवका उडालेली पिन. इथे दोन्ही ठसे खोल होते. काडतुसं डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्यावर पुन्हा तसं झालं नाही.

जुन्या बंदुकीवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. खोक्यावरची लांबी ही काडतूस उडून उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिमीचं काडतूस ६५ मिमीच्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडून दाब धोकादायक वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं नाही. चेंबर मोजून घ्या.

झीज तपासायला पुढचं लाकूड काढून नळ्या हलवा. खडखड झाली किंवा मागच्या फटीतून उजेड दिसला तर सांधा सैल झालाय. बंदूक उघडायची वरची कळ नवीन असताना मध्यापासून किंचित उजवीकडे थांबते, झिजेल तशी डावीकडे सरकते. या बंदुकीची अजून उजवीकडेच आहे.

कातडी म्यानात ठेवू नका, ओल धरून ठेवतं. आणि पडवीत टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. प्रत्येक वेळी भरण्याआधी नळीतून आरपार उजेड बघायचाच. अडलेली नळी फुटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आचारसंहितेत पोलिस ठाण्यात जमा करावी लागली. जमा करण्याआधी नळ्यांना नेहमीच्या दुप्पट तेल, बाहेरून ग्रीसचा हात, आणि 'नळीत तेल आहे' अशी चिठ्ठी. परत आल्यावर पूर्ण साफसफाई केल्याशिवाय एकही काडतूस नाही.

स्क्रूंना घरचा पेचकस लावू नका, खाचा अरुंद असतात आणि लगेच फाटतात. अॅक्शन (आतली यंत्रणा) उघडायची वेळ आली तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच, परवान्याची प्रत देऊन आणि पावती घेऊन. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, आणि नळी आखूड करून घेणं तर सरळ गुन्हा आहे.