अण्णांच्या नावाचा निधी: दीड वर्षानंतर

अण्णा चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. ते गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी त्यांच्या नावाने ५ लाख रुपये बाजूला काढले आणि मे २०२४मध्ये एका सामुदायिक प्रतिष्ठानाकडे, म्हणजे अनेकांचे निधी सांभाळून ते समाजकामाला देणाऱ्या संस्थेकडे, निधी सुरू केला. नात्यातली, ओळखीतली माणसं अजून विचारतात, "ताई, आम्हालाही वडिलांच्या नावाने काही करायचंय, कसं केलंत?" म्हणून सगळं लिहून काढतेय, आमच्या चुकीसकट.

दादाचा आग्रह स्वतःच्या ट्रस्टचा होता. खान्देशात ही ओढ जुनी आहे. अमळनेरला कापड गिरणीचे मालक प्रतापशेठ यांनी शाळा काढली, तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं; साने गुरुजी त्याच शाळेत शिकवत होते. पण त्यांच्या मागे गिरणी होती, आमच्याकडे पाच लाख. ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज, करसवलतीची नोंदणी वेगळी. दादा जळगावला, मी धुळ्यात, धाकटा पुण्याला. हे आमच्याने झालं नसतं, आणि तो विचार सोडला याचं आजही समाधान वाटतं.

प्रतिष्ठानाने निधीचे प्रकार समजावून सांगितले. मुक्त निधीत गरज कुठे आहे ते विश्वस्त ठरवतात. विषय निधीत आपण फक्त क्षेत्र सांगायचं, म्हणजे शिक्षण किंवा पाणी. नेमलेला निधी एकाच संस्थेला जातो. सल्ला निधीत कुटुंब दरवर्षी नाव सुचवतं, पण आपल्याकडे सल्ला निधीला कायद्यात वेगळं स्थान नाही, शेवटचा शब्द विश्वस्तांचाच. पाचवा शिष्यवृत्ती निधी. मास्तरांच्या नावाने दुसरं काय असणार? आम्ही तोच घेतला, आणि करारात मोठ्या हौसेने लिहून दिलं: चोपडा-यावल भागातल्या गरजू मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क.

जुलै २०२४मध्ये राज्य सरकारचा निर्णय आला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना या अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच. पण आमच्याकडे अर्ज आले त्या मुलींना आता फी नको होती. त्यांना जळगावात खोलीचं भाडं आणि खानावळ हवी होती, आणि आमच्या करारात ते शब्दच नव्हते. पहिलं वर्ष पैसा नुसता पडून राहिला. अर्ज वाचून आई म्हणाली, "पोर भुकी ऱ्हायनी ते शिकी कशी?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर कळलं की सामुदायिक प्रतिष्ठान ही कल्पनाच अशा अडचणीतून आली. १९१४मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला फ्रेडरिक गॉफ या बँकेच्या प्रमुखाने पहिलं प्रतिष्ठान काढलं. जुन्या मृत्युपत्रांतले हेतू कालबाह्य होतात आणि पैसा अडकून बसतो, हे त्याला दिसत होतं. म्हणून हेतू निरर्थक झाला तर तो बदलायचा अधिकार विश्वस्तांना दिला गेला. आमच्या करारातही तसं कलम होतं, सही करताना मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्याच कलमाने आम्हाला वाचवलं. मात्र सप्टेंबरमध्ये केलेल्या विनंतीवर निर्णय मार्चमध्ये आला. सहा महिने फार झाले, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आता करारात "मुलींचं शिक्षण आणि त्यासाठी लागणारा राहण्या-जेवणाचा खर्च" असं आहे.

आकडे सांगते. मुद्दल कायम ठेवीत, म्हणजे ते मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. व्याज ७ टक्के, म्हणजे वर्षाला ३५ हजार. व्यवस्थापन शुल्क मुद्दलाच्या १ टक्का, ५ हजार. उरतात ३० हजार. महिना ३ हजारांची खानावळ धरली तर एका मुलीचे दहा महिने. मला हे कमी वाटतं. आज निवडायचं असतं तर निम्मी रक्कमच कायम ठेवली असती आणि निम्मी पाच वर्षांत खर्चून टाका असं लिहून दिलं असतं. एकदा कायम निधी म्हणून दिलेलं मुद्दल परत हाताला लागत नाही. आणि कायम निधी हवाच असेल तर तसं पत्र देणगीसोबत लेखी द्या. नाहीतर ती रक्कम संस्थेचं त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि उत्पन्नातला ८५ टक्के भाग संस्थेला खर्च करावा लागतो.

करसवलतीत आमचा गोंधळ झाला. माझी जुनी करप्रणाली, मला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली निम्म्या रकमेची वजावट मिळाली. दादाची नवी, त्याला काहीच नाही. धाकट्याने २० हजार रोख भरले होते. २ हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालतच नाही. चेक किंवा ऑनलाइनच द्या, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर मे संपेपर्यंत करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र संस्थेकडून मागून घ्या.

पहिल्या वर्षाचं अडकलेलं व्याज आणि या वर्षाचं मिळून यंदा दोन मुलींची खानावळ लागली. पैसे थेट खानावळवाल्या मावशींना जातात. सातपुड्याच्या पायथ्याकडची एक मुलगी फार्मसीला आहे. दिवाळीत गावी जाताना ती वाटेत चोपड्याला उतरली आणि आईला भेटून गेली. आईने तिला अण्णांचा फोटो दाखवला, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.