गांधीलमाशीचं पोळं: राहू द्यावं, स्वतः काढावं की माणूस बोलवावा?

जुन्या लाकडी चौकटीवर एक गांधीलमाशी बराच वेळ बसून होती. कान दिला तर बारीक खरखर ऐकू आली. ती लाकूड खरवडत होती. थोड्या वेळाने हनुवटीखाली इवलीशी गोळी धरून उडाली आणि चौकटीवर एक फिकट रेघ उरली. वर वळचणीला पाहिलं तर लिंबाएवढं करड्या कागदाचं पोळं लटकत होतं. लाकडाचा भुसा लाळेत कालवून ती हा कागद बनवते.

पोळं एवढं लहान असताना आत बहुधा एकटी राणीच असते. बांधकाम, अंडी, शिकार सगळं तीच करते. पहिल्या कामकरी माश्या बाहेर पडल्या की ती आतच राहते आणि पोळं भराभर वाढतं. काही महिन्यांत ते फुटबॉलएवढं किंवा त्याहून मोठं होतं आणि आत शेकडो माश्या असतात. त्यामुळे ‘पोळं दिसलं तर काय करावं’ याला एकच उत्तर नाही. ते केवढं आहे आणि कुठे आहे यावर सगळं ठरतं.

त्याआधी ते कोणाचं आहे ते लांबूनच ओळखा. बाहेरून कागदाचं आवरण आणि ये-जा करायला एखादं भोक असलेलं बंद पोळं मोठ्या गांधीलमाशीचं. उलट्या छत्रीसारखं, खालून घरं उघडी दिसणारं पोळं तिच्या सडपातळ बहिणीचं. आपण तिलाही गांधीलमाशीच म्हणतो, पण तिथे बहुतेक वेळा काही डझन माश्याच असतात. भिंतीवर मातीचा लपका दिसला तर ती कुंभारीण. ती एकटी राहते आणि घर राखायला अंगावर येत नाही, तिला खुशाल राहू द्या. आणि मेणाचं पोळं असेल तर त्या मधमाश्या. त्यांच्यावर औषध मारू नका, मधमाश्या पाळणाऱ्याला बोलवा.

आता तीन वाटा.

राहू देणं. या पर्यायाचा लोक पुरेसा विचार करत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. थंडी कडक असते तिथे हे पोळं एका वर्षाचंच असतं. हिवाळ्यात कामकरी माश्या आणि जुनी राणी मरतात, नव्या राण्या दुसरीकडे दडून बसतात आणि पुढच्या वर्षी त्या नवं घर बांधतात. जुनं पोळं पुन्हा वापरत नाहीत. उबदार प्रदेशात हे वेळापत्रक इतकं पक्कं नसतं, तिथे पोळं जास्त काळ नांदू शकतं. तोवर गांधीलमाश्या अळ्या, माश्या, नाकतोडे मारून आपल्या पिल्लांना भरवतात, म्हणजे बागेचं कामच करतात. जर्मनीत तर तिथली गांधीलमाशी कायद्याने संरक्षित आहे, परवानगीशिवाय पोळं काढता येत नाही. तुमच्याकडे काय नियम आहे तेही आधी बघा.

पण राहू द्यायचं तर पोळं उंच झाडावर किंवा गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात हवं आणि खालून रोजचा रस्ता नको. पोळ्यापासून लांब असलेली गांधीलमाशी डिवचल्याशिवाय सहसा डसत नाही. पोळ्याजवळचा हादरा मात्र तिला खपत नाही. दार आपटणं, झाडाची फांदी छाटणं, भिंतीला ड्रिल लावणं एवढंही पुरतं. घरात डंखाची ॲलर्जी असलेलं कोणी असेल किंवा पोळं मुलांच्या, कुत्र्याच्या वाटेवर असेल, तर ही वाट सोडा.

स्वतः काढणं. माझ्या मते हे फक्त दोनच बाबतींत: लिंबाएवढं नुकतं सुरू झालेलं पोळं, किंवा छत्रीसारखं लहान उघडं पोळं. तेही जमिनीवर उभं राहून हात पोचेल इतक्या उंचीवर. शिडीवर चढून हे काम कधीच करू नका. माशी अंगावर आली की माणूस आधी हात झटकतो, आणि शिडीवरून पडणं डंखापेक्षा कितीतरी महागात जातं.

अंधार पडल्यावर जा, तेव्हा बहुतेक माश्या घरी आलेल्या असतात. पण रात्री त्या उडत नाहीत या भरवशावर राहू नका, काही जाती उजेडाकडे झेपावतात. टॉर्च हातात न धरता बाजूला ठेवा आणि त्यावर लाल जिलेटीन कागद लावा. लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. जाड कपडे, हातमोजे, डोळ्यांना चष्मा हवाच. पोळ्याच्या खाली उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, आणि मागे पळायची वाट मोकळी ठेवायची. लांब पिचकारी जाणारा स्प्रे मारा, शांतपणे घरात या, आणि पोळं दुसऱ्या दिवशी हालचाल थांबलेली पाहूनच काढा. विजेच्या तारांजवळ स्प्रे नको. या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. ते पाण्यातल्या माशांना फार घातक आणि मांजरांनाही बाधतं, तेव्हा फिश टँक झाका, मांजर आत घ्या.

झाडू मात्र उचलू नका. मी एकदा पोळ्याजवळची एकच माशी झाडूने चिरडली आणि क्षणात चार-पाच जणी अंगावर आल्या. विषासोबत धोक्याचा वास सुटतो आणि तो बाकीच्यांना बोलावतो.

माणूस बोलवणं. बंद, मोठं, उंचावरचं पोळं, आणि भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा शटरच्या पेटीत दडलेलं कुठलंही पोळं पेस्ट कंट्रोलवाल्याचंच काम. त्याच्याकडे पोशाख असतो आणि मुख्य म्हणजे पावडर असते. ती भोकाशी फुंकली की ये-जा करणाऱ्या माश्या पायांना लावून स्वतःच आत नेतात. दिसत नसलेल्या पोळ्यापर्यंत स्प्रे पोचत नाही, ही पावडर पोचते. यात पैसे जातात आणि वाट पाहावी लागते. पण त्या बाजूचा वावर बंद ठेवला तर दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही. येण्याआधीच विचारून घ्या: औषध कुठलं, पोळं काढून नेणार का, आणि माश्या उरल्या तर पुन्हा येणार का.

तोवर भिंतीतलं भोक बुजवू नका. बाहेरची वाट बंद झाली की त्या जिप्सम बोर्ड कुरतडून खोलीत उतरू शकतात.

रॉकेलचा बोळा, पाण्याचा फवारा आणि दगड यांना मी पर्यायांत धरतच नाही. कागदाचं पोळं पेटतं, त्याबरोबर वळचणही पेटते, आणि बाहेर असलेल्या माश्या चवताळून परत येतात. गोड पाण्याचे सापळे शिकारीला निघालेल्या काही माश्या पकडतात, पोळं मात्र वाढतच राहतं.

कुठलीही वाट धरलीत तरी डंखाची तयारी आधी हवी. मधमाशीसारखी तिची नांगी कातडीत अडकून तुटत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. तिथून लांब जा, अंगठ्या काढा, जागा साबणाने धुवा, बर्फ लावा. श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णवाहिका बोलवा. तोंडात किंवा घशात डंख झाला तरी तेच. खूप डंख झाले असतील तर ॲलर्जी नसतानाही रुग्णालयात जा. विषामुळे स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर ते डॉक्टरांना लगेच सांगा.

पोळं काढल्यावरही बाहेर राहिलेल्या माश्या एक-दोन दिवस त्याच जागेभोवती घिरट्या घालतात. तेवढे दिवस त्या बाजूची खिडकी लावून ठेवा. त्या येईनाशा झाल्या की उरलेला देठ खरवडून काढा आणि फटी बुजवा.