मासिक देणगी योजना: जाहिरात जोरात, हिशोब कोमात
उपाशी मुलांसाठी दरमहा देणगी घेणाऱ्या एका संस्थेच्या सेवेबद्दल लिहितोय. पाचपैकी दोन तारे, तेही प्रत्यक्ष कामाला. जाहिरात बघवत नाही. रडवं संगीत, गालावर बसलेली माशी, कॅमेऱ्याकडे रोखलेले डोळे. पोराला नाव नाही, आई कुठे दिसत नाही. मग फोन सुरू: ‘सर, रक्कम वाढवता का?’ पैसे कापायला एक बटण, थांबवायचे तर ईमेलवर ईमेल. वार्षिक अहवाल मागितला, तर आणखी एक व्हिडिओ पाठवला!

अहवाल शेवटी मीच शोधून काढला. खरी माहिती त्यात आहे. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावतात, घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की तीव्र कुपोषण समजून उपचार सुरू. शेंगदाण्याची पौष्टिक पेस्ट, पाणीसुद्धा मिसळायला लागत नाही, त्यामुळे दुसरा आजार नसेल तर मूल घरीच राहून सुधारू शकतं. हे का नाही दाखवत? वर ओरड, की लोकांचा हात आखडलाय. अहो, दर वेळी गळा काढून मागितलं तर माणूस चॅनल बदलणारच. (काहीजण निमित्तच शोधत असतात, ते वेगळं.)

देणगी चालू ठेवलीय. त्यांचा नंबर तेवढा ब्लॉक केलाय.