विंडोज इनसायडर प्रोग्राम: घडत असलेली प्रणाली वापरून पाहताना

विंडोजची पुढची आवृत्ती तयार होत असतानाच ती आपल्या संगणकावर चालवून पाहता यावी, यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या निमित्ताने 2014 मध्ये इनसायडर प्रोग्राम सुरू केला. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. पूर्वी असे सर्रास नव्हते. अ‍ॅपलने सप्टेंबर 2000 मध्ये मॅक ओएस एक्सची सार्वजनिक चाचणी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यासाठी 29.95 डॉलर मोजावे लागत होते आणि मे 2001 मध्ये ती चालेनाशी होणार हेही आधीच ठरलेले होते. त्या मानाने आजची ही सेवा फारच खुली आहे, परंतु नव्या सोयी इतरांच्या आधी मिळाव्यात एवढ्याच हेतूने कोणी तिच्याकडे येत असेल, तर त्याची निराशा होण्याची शक्यता मोठी आहे.

याचे एक कारण असे की चाचणीत दिसलेली गोष्ट अंतिम आवृत्तीत येईलच असे नाही. वेगवेगळी अ‍ॅप एकाच खिडकीत टॅबच्या रूपाने ठेवणारी ‘सेट्स’ ही सोय 2018 मध्ये इनसायडर मंडळींनी वापरली, तिच्यावर भरभरून मते दिली आणि पुढे ती काढून टाकली गेली. सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत ती पोहोचलीच नाही. उलट फाइल एक्सप्लोररमधले टॅब 2022 मध्ये चाचणीत आले आणि त्याच वर्षी सर्वांना मिळाले. दुसरे कारण म्हणजे नव्या सोयी टप्प्याटप्प्याने सुरू करण्याची पद्धत. शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांवर अगदी एकच बिल्ड, म्हणजे चाचणीसाठी काढलेली एकच विशिष्ट आवृत्ती, असूनही एकावर नवी सोय दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही, असे सहज घडते. कंपनीला दोन्ही गटांची तुलना करायची असते हे समजण्यासारखे आहे, तरीही ज्याच्या वाट्याला ती सोय येत नाही त्याच्या दृष्टीने ते बिल्ड बसवण्याची सगळी खटपट वाया जाते. या पद्धतीबद्दल माझी नाराजी कायम आहे.

मार्च 2023 मध्ये कॅनरी हा चॅनेल, म्हणजे चाचणी बिल्ड मिळण्याचा एक स्वतंत्र मार्ग, सुरू झाला आणि डेव्ह, बीटा व रिलीज प्रीव्ह्यू धरून निवडीसाठी चार पर्याय झाले. कॅनरीमध्ये प्रणालीच्या गाभ्यातले, अजून कुठल्याच आवृत्तीशी न जोडलेले बदल येतात. रिलीज प्रीव्ह्यूमध्ये येणारे अपडेट बहुतेक वेळा थोड्याच अवधीत सर्वांना मिळणार असते. रोजचे काम ज्या संगणकावर होते त्यावर मी रिलीज प्रीव्ह्यूच्या पलीकडे जाणार नाही. बीटा चालवायचा तर बॅकअप वेगळ्या डिस्कवर असलाच पाहिजे. डेव्ह आणि कॅनरीसाठी स्वतंत्र संगणक हवा, नाहीतर आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. विंडोजच्या प्रो आवृत्तीत असे यंत्र चालवणारे हायपर-व्ही असतेच. त्यात बिल्ड बसवण्याआधी चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला की बिघाड झाल्यावर क्षणात पूर्वस्थितीला येता येते. मात्र आभासी यंत्रात ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर, ब्लूटूथ यांच्या ड्रायव्हरची, म्हणजे ती उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, खरी परीक्षा होत नाही, आणि चाचणी आवृत्तीतली डोकेदुखी पुष्कळदा तिथेच असते.

या सेवेचा खरा कणा आहे फीडबॅक हब, म्हणजे तक्रारी आणि सूचना पाठवण्याचे अ‍ॅप. विंडोज आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की तो उघडतो आणि त्या क्षणीच्या पडद्याचे चित्रही सोबत घेतो. पुढे मथळा लिहायचा, अडचण आहे की सूचना ते सांगायचे, विभाग निवडायचा आणि हवे असल्यास तीच अडचण पुन्हा घडवून तिची नोंद जोडायची. सगळे काही मथळ्यावर ठरते. ‘फाइल एक्सप्लोरर नीट चालत नाही’ या तक्रारीतून अभियंत्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘दुसरा टॅब उघडून फाइलचे नाव बदलू लागल्यावर टाइप केलेला मजकूर पहिल्या टॅबमध्ये जातो’ असे लिहिले, तर तो आपल्या टेबलावर तेच करून पाहू शकतो. एका वाक्यात कृती आणि परिणाम दोन्ही बसवणे सरावाने जमते. तक्रार आधीच कोणी केलेली असेल, तर नवी लिहिण्याऐवजी तिला मत देऊन आपला तपशील तिथेच जोडणे अधिक उपयोगी पडते.

मतांच्या या व्यवस्थेची मोठी उणीव ऑक्टोबर 2018 मध्ये उघड झाली. त्या महिन्याच्या 2 तारखेला बाहेर पडलेले विंडोज 10 चे अपडेट अवघ्या काही दिवसांत थांबवावे लागले, कारण काही लोकांच्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवले होते पण काही फाइली जुन्या जागीच ठेवल्या होत्या, त्यांचे ते जुने फोल्डर आतल्या फाइलींसह पुसले गेले. आधीच्या अपडेटनंतर त्याच नावाची जास्तीची रिकामी फोल्डर दिसतात अशी वापरकर्त्यांचीच तक्रार होती, आणि ती दूर करण्यासाठी लिहिलेल्या कोडमुळे हे घडले. फाइली गेल्याच्या तक्रारी फीडबॅक हबमध्ये आधीपासून होत्या, परंतु त्यांना मते थोडी असल्याने त्या वर आल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर तक्रारीसोबत तिची तीव्रता नोंदवण्याची सोय दिली. थोड्यांनाच भोगावा लागणारा पण भरून न येणारा तोटा आणि अनेकांना जाणवणारी किरकोळ गैरसोय यांतला फरक आकड्यांवरून कळत नाही, म्हणून तो रकाना प्रत्येकाने प्रामाणिकपणे भरावा असे मला मनापासून वाटते. बटणाचा रंग आवडला नाही म्हणून सर्वोच्च तीव्रता निवडणारा माणूस दुसऱ्या कोणाची तरी खरी तक्रार मागे ढकलत असतो.

कामाच्या आणखी काही गोष्टी. प्रत्येक बिल्डसोबत ज्ञात अडचणींची यादी प्रसिद्ध होते. ती बिल्ड बसवण्याआधी वाचावी. चाचणी आवृत्ती चालवायची तर ऐच्छिक निदान-माहिती, म्हणजे संगणकाच्या वापराची आणि बिघाडांची माहिती, मायक्रोसॉफ्टकडे जाऊ देणे भाग असते, त्यामुळे गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्या संगणकावर ही नोंदणी करू नये. प्रणाली कोसळल्यावर इनसायडर बिल्डमध्ये पडदा हिरवा होतो, त्यामुळे नुसत्या छायाचित्रावरूनही ती चाचणी आवृत्ती होती हे मदत करणाऱ्याला ओळखता येते. ही सोय लहान असली तरी तिच्यामागचा विचार मला फार आवडतो.

बाहेर पडण्याचा मार्ग मात्र आत येण्याइतका सोपा नाही. नवे बिल्ड बसवल्यावर मागच्याकडे परतण्याची मुभा साधारण दहा दिवस असते, आणि डिस्कवरची जागा मोकळी करताना जुन्या विंडोजचे फोल्डर काढून टाकले तर तीही जाते. बीटा किंवा रिलीज प्रीव्ह्यूवर असताना पुढची आवृत्ती सर्वांसाठी आली की नोंदणी थांबवण्याचा पर्याय निवडता येतो. डेव्ह किंवा कॅनरीमधून स्थिर आवृत्तीकडे यायचे, तर बहुधा विंडोज नव्याने बसवावी लागते, म्हणजे सगळी अ‍ॅप आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. शिवाय चाचणी बिल्डला मुदत असते आणि ती संपण्याआधी अपडेट घ्यावेच लागते. म्हणून या दोन चॅनेलवर जायचे ठरले, तर स्थिर विंडोजची इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह नोंदणीच्या आधीच तयार करून ती त्या संगणकावर सुरू होते ना, हे पाहून ठेवावे.