टेली-मानस १४४१६ : बडोद्यातल्या मराठी घरांना कितपत उपयोगी?

घरातलं माणूस महिना-दीड महिना भिंतीकडे तोंड करून पडून असतं, जेवणावरची वासना उडालेली असते. मग आधी पित्ताची गोळी, नंतर झोपेची, त्यानंतर 'चार दिवस पुण्याला जाऊन ये'. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव निघेपर्यंत फार उशीर होतो. नैराश्यातला हा उशीर टाळायला टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा खरोखर कामाची आहे. मात्र ती कशी वापरायची ते माहीत हवं.

केंद्र सरकारची ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री ३ वाजताही लावता येतो. आजारी माणूस तयार नसेल तर घरच्यांनी लावला तरी चालतो. भाषा २० आहेत, त्यांत मराठीही आहे. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या नातवंडांना गुजराती सोपी जाईल, पण आजीसाठी फोन असेल तर मराठीच निवडा. पोटातलं दुःख शिकलेल्या भाषेत नीट सांगता येत नाही.

फोनवर आधी प्रशिक्षित समुपदेशक भेटतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे पाठवतात. पहिल्याच फोनला औषध मिळेल अशी अपेक्षा नको. फोन वाया जातो तो बहुतेकदा आपल्याच बोलण्यामुळे. "काही नाही हो, झोप लागत नाही, डोकं जड असतं" एवढंच सांगितलं, तर सल्लाही झोपेपुरताच मिळणार. म्हणून आधी कागदावर लिहा: उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं २ आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज आहे का, पहाटे किती वाजता जाग येते, वजन किती उतरलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दारू किती, घराण्यात कुणाला असा आजार होता का, नुकतंच बाळंतपण झालंय का. मरणाचे विचार येत असतील तर ते सगळ्यात आधी आणि स्पष्ट सांगा. ते बोलल्यानं विचार बळावत नाहीत.

'पण टेन्शन कशाचं?' हा घरच्यांचा ठरलेला प्रश्न. नैराश्याला एकच कारण क्वचित असतं. आनुवंशिकता, मोठं दुःख, कर्ज, एकटेपणा, जुनं दुखणं अशा गोष्टी एकावर एक चढतात. कधी बाहेरून काहीच दिसत नाही. शरीरातली कारणंही तपासायला हवीत. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो. बी-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांसमाशांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरात ती तपासणी विसरू नका.

समुपदेशकांकडून आठवडाभराचा दिनक्रम मागून घ्या. 'सकारात्मक राहा' यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त. तत्त्व असं: उत्साह आल्यावर काम करू म्हटलं तर तो येतच नाही, काम आधी, उत्साह मागून. म्हणून काम अगदी लहान हवं. पहिले ३ दिवस फक्त ठरलेल्या वेळी उठून दात घासणं आणि तुळशीला पाणी घालणं. चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत १० मिनिटं. जमलं की कमाटीबागेत सकाळच्या उजेडात ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. प्रत्येक कामापुढे ० ते १० यात किती बरं वाटलं ते लिहायचं. बिनसतं ते इथे: पहिल्याच दिवशी ५ किलोमीटर चालणं, प्राणायाम, शिवाय गोड बंद! तिसऱ्या दिवशी सगळं सुटतं आणि 'मला हेही जमत नाही' ही खात्री पक्की होते. रात्री झोप झाली नाही तरी उठण्याची वेळ बदलू नका. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे मोडते आणि उदासी वाढते.

दिनक्रमावर सौम्य आजार पुष्कळदा हलतो. अंघोळ, जेवण, नोकरी सुटायला लागली असेल तर समोरासमोर तपासणीच हवी. शहरात सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आणि करेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. त्या दुसऱ्या नावाला घरचे बिचकतात, तेव्हा फक्त ओपीडीत दाखवून घरी यायचंय हे आधी समजावून सांगा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकते. म्हणूनच कित्येकजण दहाव्या दिवशी गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ती निदान ६ महिने चालते आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.

मर्यादा उघड आहे: फोनवर चेहरा, चाल, उतरलेलं वजन दिसत नाही. पहिल्या पायरीसाठी ५ पैकी ४ गुण. जिवाला तातडीचा धोका वाटला तर मात्र १४४१६वर थांबू नका. १०८ला फोन करा, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशक कुलपात ठेवा आणि गाडी येईपर्यंत त्या माणसाजवळच बसून राहा.