सोव्हिएत मार्शल रोकोसॉव्स्कीचं आत्मकथन (जुनी इंग्रजी प्रत): पावसाळाभर वाचल्यानंतर

आधी विक्रेत्याबद्दल. ‘सुस्थितीत’ म्हणून पाठवलेलं पुस्तक कुर्स्कच्या लढाईपर्यंत पोचेस्तोवर शिवणीतून उसवलं, पानांची अख्खी जुडी हातात आली. तक्रार केली तर ‘जुन्या पुस्तकांना परतावा नाही’ एवढंच उत्तर. शेवटी बाइंडरला वेगळे पैसे मोजले. स्वस्त म्हणून घेतलेलं पुस्तक महागात पडलं. एक तारा तिथेच गेला.

दुसरा तारा लेखकामुळे गेला. आठवणी सुरू होतात १९४० च्या वसंतात, सोचीला कुटुंबाबरोबर काढलेल्या दिवसांपासून. पण ऑगस्ट १९३७ ते मार्च १९४० हा माणूस स्टालिनच्या तुरुंगात होता! खोटे आरोप, मारहाण, पाडलेले दात, यातलं एक अक्षर पुस्तकात नाही. मॉस्कोसमोर वोलोकोलाम्स्कला त्याचं १६ वं सैन्य कसं तगलं, स्टालिनग्राडला जर्मन सेनापती पाउलसच्या फौजेभोवतीचा फास कसा आवळला, हे सगळं तो नीट सांगतो. मी मात्र प्रत्येक प्रकरणात त्या अडीच वर्षांचा एखादा उल्लेख शोधत राहिलो. पुस्तक १९६८ चं, त्याच वर्षी तो वारला. सेन्सॉरने युद्धाच्या भागातलंही बरंच कापलं होतं. ते १९९७ च्या रशियन आवृत्तीत परत आलं. माझ्या प्रतीत अर्थातच नाही.

बेलारूसच्या मोहिमेपाशी मात्र माझं मत बदललं. मे १९४४. जर्मनांच्या ताब्यातल्या बोब्रुइस्क शहरावर एकच मुख्य घाव घालावा असं वरिष्ठांचं म्हणणं. रोकोसॉव्स्कीला रोगाचोव्ह आणि पारिची अशा दोन बाजूंनी घालायचे होते, कारण दलदलीच्या त्या मुलखात एकाच ठिकाणी एवढी फौज मावणार नव्हती. ‘शेजारच्या खोलीत जाऊन विचार करा,’ असं त्याला दोनदा सांगितलं गेलं. दोन्ही वेळा तो परत येऊन तेच म्हणाला, आणि स्टालिनने मान्य केलं. ज्याच्या राजवटीने दात पाडले त्याच्यासमोर! तुरुंगाची माहिती बाहेरून घेऊन हे पान वाचा, अंगावर काटा येतो. पुढची तयारी तर मी दोनदा वाचली: चिखलात रुतू नये म्हणून सैनिकांनी फांद्या विणून केलेलं पादत्राण, रणगाड्यांसाठी ओंडके टाकून केलेल्या वाटा. २४ जूनला हल्ला, २९ ला बोब्रुइस्क हातात, आणि त्याच दिवशी तो मार्शल झाला. कापलेला दुसरा तारा मी इथे परत दिला.

त्याच नोव्हेंबरात बर्लिनच्या वाटेवरची आघाडी (म्हणजे मोठा सैन्यसमूह) त्याच्याकडून काढून मार्शल झुकोव्हला दिली आणि याला शेजारच्या आघाडीवर धाडलं. ‘माझ्यावर ही नाराजी का?’ असं त्याने फोनवर स्टालिनलाच विचारलं. ती सल त्याने लपवलेली नाही, हे मला फार आवडलं.

शांततेचा काळ वाचायचा असेल तर हे पुस्तक घेऊ नका. ते १९४५ लाच थांबतं. १९४९ मध्ये मॉस्कोने त्याला पोलंडचा संरक्षणमंत्री करून पाठवलं. वडील पोलिश, पण पोलंडमध्ये अनेकांना तो रशियाचाच माणूस वाटला, आणि १९५६ च्या उलथापालथीत त्याला परतावं लागलं. यावर एक प्रकरण तरी हवंच होतं.

पाचपैकी चार. घेताना शिवणीचा फोटो मागून घ्या, आणि वाचताना बेलारूसचा मोठा नकाशा जवळ ठेवा. नुसत्या गावांच्या नावांवरून काही उमगत नाही.